फोटो केक घरी करताना: खाण्याच्या कागदापासून सुरीपर्यंत

फोटो केक, म्हणजे खाण्याच्या कागदावर छापलेला फोटो माथ्यावर लावलेला केक, मागणारी मंडळी आता लहान मुलांच्या वाढदिवसापुरती राहिलेली नाहीत. आजोबांची पंचाहत्तरी, लग्नाची पंचवीस वर्षे, निवृत्तीचा समारंभ, मुलीचे बारसे अशा कोणत्याही निमित्ताने घरगुती केक करणाऱ्या व्यक्तीला "फोटो लावून द्याल का?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यासाठी लागणारा खाद्य कागद आता सहज मिळतो आणि छपाईही फारशी अवघड नाही. अवघड आहे ते त्या कागदाला योग्य वेळी आणि बेताचाच ओलावा मिळू देणे. कागद कोरडा राहिला तर तडकतो, जास्त ओला झाला तर रंग पसरतो, आणि या दोहोंच्या मधली जागा आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, फार अरुंद असते. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सूचना फिरून याच मुद्द्यापाशी येते, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

कागद कोणता घ्यावा

दुकानात फोटो पेपर, शुगर शीट, राइस पेपर अशी नावे सरमिसळ वापरली जातात आणि नवख्या माणसाचा तिथेच गोंधळ होतो. प्रत्यक्षात या नावांखाली दोन अगदी निराळे पदार्थ विकले जातात. पहिला आयसिंग शीट. यालाच कोणी शुगर शीट, तर कोणी फ्रॉस्टिंग शीट म्हणते. स्टार्च, साखर, सेल्युलोजचे खाद्य घटक आणि ग्लिसरीन यांचा पातळ थर प्लास्टिकच्या पाठीवर पसरून तो तयार केलेला असतो. हाताला तो किंचित लवचीक लागतो, जिभेवर गोडसर लागतो आणि क्रीमवर ठेवला की त्यातला ओलावा शोषून थोड्याच वेळात क्रीमशी एकजीव होतो. केक कापताना सुरी त्यातून सहज जाते.

दुसरा पदार्थ म्हणजे वेफर पेपर. बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि थोडेसे तेल एवढ्यावर तो बनतो. तांदळाशी त्याचा सहसा काही संबंध नसतो, तरी बाजारात त्याला सर्रास राइस पेपर म्हटले जाते. तो कोरडा आणि कडक असतो, त्याला प्लास्टिकची पाठ नसते आणि स्वतःची अशी चवही नसते. आइस्क्रीमच्या साध्या कोनाचा तुकडा जिभेवर जसा आधी चिकटतो आणि मग विरघळतो, तसाच हा. किमतीला तो आयसिंग शीटपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण ओल्या क्रीमवर ठेवल्यास त्याच्या कडा वर वळतात आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. शिवाय त्यावरचे रंग फिके उठतात. म्हणून माणसाचा चेहरा असलेले चित्र लावायचे असेल तर नवशिक्याने पैसे वाचवण्याच्या विचारात न पडता आयसिंग शीटच घ्यावे. वेफर पेपर फुलपाखरे, पाकळ्या आणि कपकेकवरच्या उभ्या पताका यांसाठी राखून ठेवावा.

पाकीट विकत घेताना ते उलटून पाहण्याची सवय लावून घ्यावी. शाकाहाराचा हिरवा ठिपका, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम तारीख या चार गोष्टी त्यावर असायला हव्यात. सुटे, बिनपाकिटाचे कागद कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. एकदा हवा लागून गेलेला कागद छपाईच्या वेळी तडकतो किंवा पाठीपासून सुटत नाही, आणि तो कशाचा बनला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी एक खुलासा येथेच करतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून पूर्वी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालण्याची पद्धत होती. युरोपीय संघाने २०२२ मध्ये या पदार्थाचा अन्नातील वापर बंद केला. त्यामुळे जर्मनी, नेदरलँड्स किंवा आयर्लंडमध्ये मिळणारे कागद थोडे अधिक पारदर्शक असू शकतात. त्यांच्याखालचा क्रीमचा थर स्वच्छ पांढरा असणे तिथे जास्तच गरजेचे ठरते.

छपाई दुकानातून करावी की घरी

महिन्याला दोन-तीन फोटो केकच होत असतील तर प्रिंटर विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेकिंगचे सामान विकणारी अनेक दुकाने खाद्य छपाई करून देतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात अशा सामानाची मोठी दुकाने आहेत, आणि लहान शहरांतही चौकशी केल्यास एखादे सापडते. मात्र दुकानदाराला एक प्रश्न न लाजता विचारावा: हा प्रिंटर सुरुवातीपासून फक्त खाण्याच्या शाईसाठीच वापरला आहे का? नेहमीची शाई एकदा जरी त्यातून गेली असली तरी तिचे अवशेष नळ्यांत आणि शाई उडवणाऱ्या प्रिंट हेडमध्ये राहतात. मग नंतर शाई बदलली तरी तो प्रिंटर अन्नाच्या कामाचा राहत नाही. हाच नियम घरच्या प्रिंटरलाही लागू आहे. मुलांचे प्रकल्प छापून झालेला जुना प्रिंटर धुऊन-पुसून केकसाठी वापरण्याचा विचारही करू नये.

लेझर प्रिंटर तर या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य आहे. त्यातील टोनर ही प्लास्टिकयुक्त भुकटी असते आणि ती कागदावर बसवण्यासाठी आत बरीच उष्णता वापरली जाते. त्या उष्णतेत साखरेचा कागद वितळून यंत्राला चिकटेल. त्यामुळे घेतला तर इंकजेटच, म्हणजे पातळ शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटरच घ्यावा, तोही मागच्या बाजूने कागद सरकवण्याची सोय असलेला. समोरच्या ट्रेमधून जाणारा कागद आत पूर्ण वळसा घेतो आणि जाडसर आयसिंग शीट त्या वळणावर अडकते किंवा तडकते. मागून जाणारा कागद जवळजवळ सरळ खाली उतरतो. कॅननच्या काही मॉडेलांमध्ये प्रिंट हेड हाताने काढून धुता येते, आणि खाद्य शाई वाळून बारीक छिद्रे बुजण्याचा त्रास लक्षात घेता ही सोय फार उपयोगी पडते. वेगळी शाई भरल्यावर कंपनीची हमी सहसा लागू राहत नाही, हेही खर्चाच्या हिशेबात धरावे.

खाद्य शाई म्हणजे पाणी, ग्लिसरीनसारखे द्रव आणि खाद्यरंग. पिवळ्यासाठी टार्ट्राझिन आणि निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू हे रंग त्यात बहुधा असतात. टार्ट्राझिनचा काही जणांना त्रास होतो, म्हणून ग्राहकाने मुलाच्या अ‍ॅलर्जीविषयी काही सांगितले तर शाईच्या बाटलीवरची घटकांची यादी त्यांना दाखवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. घरगुती व्यवसाय म्हणून केक विकणाऱ्याने एफएसएसएआयची नोंदणी केलेली असलीच पाहिजे. ते काम फोटो केकच्या आधीचे आहे.

फोटो तयार करणे

बहुतेक फोटो केक बिघडतात ते छपाईच्या आधीच, म्हणजे ग्राहकाने पाठवलेल्या फोटोपाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. त्यातही कोणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून, वीस माणसांच्या फोटोतून एक चेहरा कापून घेतला असेल तर केकवर केवळ धूसर डाग उमटतो. म्हणून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा असे ग्राहकाला पहिल्याच संभाषणात सांगून टाकावे. सात इंच व्यासाच्या चित्रासाठी प्रत्येक इंचाला ३०० ठिपके धरले तर रुंदी २,१०० पिक्सेल होते. खाद्य शाई कागदावर किंचित पसरतेच, त्यामुळे १,५०० पिक्सेल असले तरी काम चांगले होते. ७०० किंवा ८०० असतील तर ग्राहकाकडून दुसरा फोटो मागावा.

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे रंग आणि कागदावर उतरणारे रंग यांत मोठा फरक असतो. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागदावर मात्र चार शाया एकमेकींत मिसळून रंग तयार होतो आणि तो नेहमी थोडा गडद व मळकट दिसतो. म्हणून छापण्यापूर्वी फोटोचा उजळपणा पडद्यावर जरासा जास्तच वाटेल इतका वाढवावा. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण त्यांच्यातला लालसरपणा छपाईत वाढून चेहरा भाजल्यासारखा दिसतो. लाल रंगाची छटा थोडी कमी केली की चेहरा पुन्हा ओळखीचा होतो. रात्रीचे फोटो आणि काळी पार्श्वभूमी शक्यतो टाळावी. एकाच जागी खूप शाई पडल्याने कागद तिथे ओला होतो, कडवट लागतो आणि क्रीमवर गेल्यावर तोच भाग सर्वांत आधी पसरतो. पार्श्वभूमी कापून तिथे पांढरा किंवा अगदी फिका रंग द्यावा.

मापाचा हिशेब साधा आहे, पण तो टिनच्या आकारावर करू नये, तयार केकच्या माथ्यावर करावा. आठ इंची टिनमधला केक क्रीम लावून झाल्यावर साधारण २१ सेंटिमीटरचा होतो. त्यावर सात इंची, म्हणजे १७.८ सेंटिमीटरचे वर्तुळ घेतले तर चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर जागा किनारीच्या नक्षीला उरते. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते आणि दोन्ही कडांना प्रिंटर थोडी जागा कोरी सोडतो, त्यामुळे एका कागदावर साडेसात इंचांपेक्षा मोठे वर्तुळ बसवायला जाऊ नये. सहा इंची, म्हणजे आपल्याकडच्या अर्ध्या किलोच्या केकसाठी पाच इंची वर्तुळ पुरते आणि अशी दोन वर्तुळे एका कागदावर एकाखाली एक बसतात. ही दुसरी प्रत फुकट जाईल असे समजू नये. तिचे मोल पुढे सांगितलेल्या प्रसंगावरून कळेल.

मराठी अक्षरांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पायपिंग बॅगने देवनागरी नाव लिहिणे भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे नाव छापून घेण्याची सोय हा या कागदाचा मोठा फायदा आहे. पण शाई पसरते तेव्हा आधी अक्षरांतल्या बारीक जागा भरून जातात. "ष" मधली तिरपी रेघ, "श्री" मधला वळसा, "क्ष" ची गाठ हे सगळे लहान आकारात एकमेकांत मिसळते, आणि अनुस्वाराचा ठिपका तर शिरोरेषेला चिकटून नाहीसाच होतो. "आनंदी" चे "आनदी" झालेले मी पाहिले आहे. म्हणून अक्षरे २४ पॉइंटपेक्षा लहान घेऊ नयेत, सुलेखनाचे नाजूक वळणाचे फॉन्ट टाळावेत आणि फिक्या पार्श्वभूमीवर गडद तपकिरी किंवा गडद निळी अक्षरे घ्यावीत. काळी शाई पुष्कळदा इतर रंगांच्या मिश्रणातून बनलेली असते आणि ओलावा लागला की तिच्याभोवती हिरवट किंवा जांभळट कड उमटते. छपाई दुकानात करायची असेल तर मजकूर पीडीएफ किंवा चित्र म्हणूनच द्यावा. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरे तुटतात, आणि "लक्ष्मी" चे पाय मोडलेले केकवर येईपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

छपाई

आधी साध्या, कोऱ्या, स्वच्छ कागदावर एक प्रत काढावी. छपाईच्या मापात "पानावर मावेल असे" हा पर्याय न निवडता "मूळ आकार" किंवा १०० टक्के निवडावे, नाहीतर प्रिंटर परस्पर चित्र लहान करतो. ही साधी प्रत कात्रीने कापून केकच्या टिनच्या तळावर ठेवून पाहावी. माप पटले, नावातल्या वेलांट्या-उकार तपासून झाले, की मगच खाद्य कागदाचे पाकीट उघडावे.

हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटाचा ठसा कागदावर कायमचा उमटतो. पाकिटातून एकच कागद काढून पाकीट लगेच बंद करावे. कागदाच्या कडा पाठीपासून सुटलेल्या नाहीत ना, हे पाहावे; सुटलेली कड आत अडकते. मग तो मागच्या ट्रेमध्ये सरळ ठेवून, छापायची बाजू आपल्याकडे आहे याची खात्री करून, उत्तम दर्जाची छपाई निवडावी. कागदाच्या प्रकारात मॅट कागद निवडल्यास बहुतेक प्रिंटरमधून शाई बेताची पडते. कडेपर्यंत छापण्याचा पर्याय वापरू नये. कागद बाहेर येताना त्याला ओढू नये, फक्त खालून हाताचा आधार द्यावा.

छापलेला कागद पंख्याखाली न ठेवता सपाट जागी दहा ते पंधरा मिनिटे वाळू द्यावा. पंख्याच्या वाऱ्याने कडा कडक होऊन तडकतात. लगेच वापरायचा नसेल तर हवाबंद पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून, कपाटात अंधारात ठेवावा. खाद्यरंग उन्हाने उडतात. छापलेला सुटा कागद फ्रिजमध्ये ठेवू नये. दुकानातून घरी आणतानाही गुंडाळी न करता फाइलमध्ये आडवा ठेवून आणावा.

केकचा माथा

कागद किंचित पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग चित्रातून डोकावतो. चॉकलेट गनाशवर, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणावर, थेट लावलेला चेहरा काळवंडतो. केक आतून कोणताही असला तरी चित्राखाली पांढऱ्या क्रीमचा निदान अर्ध्या सेंटिमीटरचा थर हवा. तो टर्नटेबलवर फिरवून, स्क्रेपरने आरशासारखा सपाट करावा. क्रीमवर राहिलेला प्रत्येक उंचवटा चित्रात दिसतो, आणि तो नेमका नाकावर किंवा कपाळावर येतो, असा माझा अनुभव आहे.

घरगुती केकसाठी आपल्याकडे बहुतांशी नॉन-डेअरी, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेले व्हिपिंग क्रीम वापरले जाते आणि आयसिंग शीटसाठी ते चांगले आहे. ते घट्ट फेटलेले असावे, पण रवाळ झालेले नसावे. रवाळ क्रीममधून पाणी सुटते. बाजारात पाकिटात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या फ्रेश क्रीमवर हा कागद लावू नये, कारण ते क्रीम नीट उभे राहत नाही. पाइनॅपल केक आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय, आणि फोटो केकसाठी सर्वांत त्रासदायक. अननसाचे तुकडे चाळणीत तासभर निथळून फक्त आतल्या थरांत घालावेत. चित्राच्या आजूबाजूला चेरी, अननस, किवी अशी रसाळ सजावट करू नये, कारण एका चेरीच्या रसाने गुलाबी ओघळ चित्रावर येतो.

क्रीम लावलेला केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून माथा घट्ट होऊ द्यावा.

कागद लावण्याची रीत

वर्तुळ कापण्यासाठी फक्त खाद्यकामाची कात्री वापरावी आणि पाठीसकटच कापावे. मग कागद उपडा धरून, पाठ एका टोकापासून हळूहळू मागे दुमडत सोलावी. येथे कागद ओढायचा नाही, पाठ ओढायची आहे; टेबलाच्या कडेवर कागद ठेवून पाठ खाली खेचत नेली की तो आपोआप सुटत जातो. पावसाळ्यात कागद पाठीला चिकटून बसतो. अशा वेळी तो सपाट ताटात ठेवून एक-दोन मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढताच लगेच सोलावा. हेअर ड्रायरची कोमट हवा पाठीच्या बाजूने अर्धा मिनिट दिली तरी उपयोग होतो. ही युक्ती मुंबई आणि कोकणातल्या घरांत मला फ्रीझरपेक्षाही भरवशाची वाटते, कारण थंड कागदावर दमट हवेतले पाणी लगेच बसते. उलट नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात कागद इतका सुकतो की सोलतानाच मोडतो. तिथे पाकीट उघडल्यापासून लावेपर्यंतचा वेळ जितका कमी तितके चांगले.

सोललेला कागद दोन्ही हातांच्या बोटांनी कडांना धरून मधोमध किंचित खोलगट होऊ द्यावा. त्याचा मध्य केकच्या मध्यावर प्रथम टेकवावा आणि मग दोन्ही बाजू हळूच खाली सोडाव्यात, म्हणजे हवा बाहेरच्या बाजूला निघून जाते. एकदा टेकलेला कागद उचलून सरकवता येत नाही, म्हणून टेकवण्याआधी टूथपिकने केकवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना चार बारीक खुणा करून ठेवाव्यात. टेकवल्यावर स्वच्छ, कोरड्या बोटांनी मध्यापासून कडेकडे अगदी हलका हात फिरवावा. बुडबुडा राहिलाच तर तो दाबू नये. सुईने टोचून हवा जाऊ द्यावी. पहिली पाच-सात मिनिटे कडा थोड्या उचललेल्या दिसतात, त्याने घाबरून जाऊन वरून पाणी लावू नये. क्रीममधला ओलावा वर चढला की कागद स्वतःच बसतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत बोट फिरवले तरी कड जाणवत नाही. त्यानंतर स्टार नोझलने किनार काढून कड झाकून टाकावी.

बटरक्रीमचा पृष्ठभाग सुकून पापुद्रा धरला असेल तर त्यावर पाण्याचा अगदी सूक्ष्म फवारा मारून मग कागद लावावा. फॉन्डंटवर, म्हणजे लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याच्या थरावर, पाण्याऐवजी कोल्ड ग्लेझ, म्हणजे रंगहीन न्यूट्रल जेल, ब्रशने पातळ लावले तर हात सावरायला जास्त वेळ मिळतो. वेफर पेपरला मात्र पाणी कधीच लावू नये. तो जागच्या जागी विरघळतो. तो जेलवर किंवा बटरक्रीमवरच लावावा, आणि व्हिपिंग क्रीमच्या केकवर वापरायचाच असेल तर केक बाहेर पाठवण्याच्या अगदी आधी लावावा.

फ्रिजमधला घाम

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांच्या पंचाहत्तरीसाठी केक सांगितला होता. जुलै महिना होता. सकाळी धावपळ नको म्हणून मी रात्रीच फोटो लावला, किनार काढली आणि केक उघडाच फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तो सुंदर दिसत होता. बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि डबा जुळवू लागलो, तेवढ्या दहा मिनिटांत चेहऱ्यावर बारीक दवबिंदू धरले. काकांच्या पांढऱ्या मिशीत कोटाचा निळा रंग उतरला आणि कपाळावरून गुलाबी ओघळ खाली आला. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच ते होते. मी दुसरी प्रत छापलेली नव्हती. दुकान उघडेपर्यंत थांबून, वरचा थर खरवडून, पुन्हा क्रीम लावून केक पोहोचवला, पण काकूंना तासभर ताटकळावे लागले, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी कधीही चुकवत नाही. चित्राची दुसरी प्रत काढून ठेवतो. फोटो आदल्या रात्री लावत नाही. केक न्यायला यायच्या दोन-तीन तास आधी लावतो. आणि फोटो लावलेला केक फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर बंद खोक्यात ठेवतो आणि खोक्यासकटच बाहेर काढतो. खोके बंद राहिले की दमट हवेतले पाणी पुठ्ठ्यावर धरते, केकवर धरत नाही. खोके उघडण्याची घाई करू नये, हे ग्राहकालाही आवर्जून सांगावे: घरी नेऊन शक्यतो एसीच्या किंवा पंख्याच्या कोरड्या खोलीत पंधरा-वीस मिनिटे बंद खोके तसेच ठेवावे आणि मग झाकण उघडावे. तरीही चित्रावर दव आलेच तर ते टिपायला जाऊ नये; टिपकागद लागताच रंग त्याच्याबरोबर निघतो. हात न लावता सोडून दिले तर हलके दव पुष्कळदा आपोआप सुकते.

प्रिंटर घरी असणाऱ्यांनी काम नसले तरी आठवड्यातून निदान एकदा चारही रंगांची एक लहान पट्टी छापावी. दिवाळीच्या फराळात तीन आठवडे प्रिंटर बंद राहिला की नाताळच्या पहिल्याच केकला चित्रात पांढऱ्या रेघा येतात, आणि मग हेड धुण्यात अर्धा दिवस जातो.

चेहऱ्यावर सुरी

हा भाग तंत्राचा नसला तरी तो ग्राहकाशी आधी बोलून घ्यावा. देवाच्या, शिवाजी महाराजांच्या किंवा दिवंगत व्यक्तीच्या चित्रावर सुरी चालवणे आपल्याकडे बहुतेकांना सहन होत नाही. लहान मुलाच्या चेहऱ्यावरून सुरी फिरताना घरातली आजी तोंड फिरवते, हेही आपण पाहतो. या भावनेचा मान राखणे अवघड नाही. साध्या वाढदिवसाला चित्र केकच्या एका बाजूला घेऊन कापण्यापुरती जागा मोकळी ठेवली तरी चालते. पण जिथे चित्राला अजिबात धक्का लागू नये अशी इच्छा असेल, तिथे चित्र केकवर न लावता पाटीवर लावावे.

त्यासाठी पांढरा फॉन्डंट थोडी सीएमसी पावडर, म्हणजे तो कडक करणारा खाद्य डिंक, घालून मळावा, तीन-चार मिलिमीटर जाड लाटावा, चित्रापेक्षा किंचित मोठे वर्तुळ कापावे आणि बटर पेपरवर सपाट ठेवून दोन दिवस वाळू द्यावे. पावसाळ्यात तीन दिवस लागतात. एक दिवसाने ते उलटावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात. कडक झालेल्या पाटीवर जेलचा पातळ हात देऊन आयसिंग शीट लावावे. ही पाटी फ्रिजमध्ये ठेवू नये. ती ओल धरून मऊ पडते. केक पोहोचवण्याच्या वेळी माथ्यावर त्याच मापाचा बटर पेपरचा गोल ठेवून त्यावर पाटी ठेवावी आणि किनारीची नक्षी पाटीला न चिकटता तिच्या बाहेरून काढावी. समारंभाच्या ठिकाणी दोन पॅलेट नाइफ समोरासमोरून पाटीखाली सरकवून ती अलगद उचलावी, शेजारी तयार ठेवलेल्या ताटात ठेवावी आणि खालचा बटर पेपर काढून घ्यावा, मग सुरी यजमानांच्या हाती द्यावी.